गुरुवारी वीज नसते

सनीव्हेलला आम्ही राहत होतो त्या काळात अमेरिका जपानवर चिडलेली होती. सकाळी पेपर उघडावा तर जपान, टीव्ही लावावा तर जपान. आपला देश धंद्याला महाग झाला, कारखाने बाहेर चालले, आता स्पर्धेत टिकायचं कसं, यावर सुटाबुटातली माणसं दिवसभर एकमेकांचं बोलणं तोडत बसलेली असायची. मी सोफ्यावर बसून ग्रीन बीन्स मोडत ते ऐकायचे आणि मनातल्या मनात त्यांचे पेपर तपासायचे. बहुतेकांना मी काठावर पास केलं असतं. एकाला तर नापासच.

पुण्यात मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. कुठला देश कुठली वस्तू स्वस्तात करतो, का करतो, दुसऱ्याने ती आपल्याकडून का घ्यावी, हा माझा आवडीचा भाग. तो शिकवताना माझा आवाज इतका चढायचा की शेजारच्या वर्गातले सर येऊन दार लावून जायचे. नवऱ्याला इथल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी बिनपगारी रजा टाकली, मुलीला काखोटीला मारलं आणि आले. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. त्यावर राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. म्हणजे मला अमेरिकेत झोपता येत होतं, जेवता येत होतं, सेलमध्ये टॉवेल विकत घेता येत होते. शिकवता येत नव्हतं.

लोक म्हणायचे, बरं आहे की, आराम कर. आराम हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सकाळी नवरा गाडी घेऊन जायचा, मुलगी किंडरगार्टनला जायची, आणि मी अपार्टमेंटच्या आवारात पोहण्याच्या तलावाला फेऱ्या मारत बसायचे. पोहता येत नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईला वाटायचं की मी डॉक्टरच्या सल्ल्याने चालते. चालून कंटाळा आला की मी एल कमिनोच्या रस्त्याने पब्लिक लायब्ररीत जायचे आणि व्यापाराची मासिकं वाचायचे. कोणाला शिकवायचं नव्हतं तरी टिपणं काढायचे.

रजेची तिसरी आणि शेवटची मुदत जूनमध्ये संपणार होती. जूनमध्ये कॉलेज उघडतं त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा भरणार, असं प्राचार्यांनी स्वच्छ कळवलं होतं. ते भले गृहस्थ, पण त्यांनी तरी जागा किती दिवस अडवून ठेवायची? जानेवारी उजाडला तसा जून माझ्या छातीवर येऊन बसला.

अशात एका संध्याकाळी नवरा जेवताना सहज म्हणाला, "आमच्याकडे एक नवीन चाललंय. असेंब्ली आणि टेस्टिंग बाहेर हलवायचंय. जपान्यांच्या किमतीला इथे परवडत नाही. मलेशिया बघतायत, फिलिपीन्स बघतायत. इंडियाचं पण नाव आहे लिस्टवर."

"इंडियात कुठे?"

"ते काही ठरलेलं नाही गं. कोणीतरी पुणे म्हणालं."

माझा घास हातात राहिला. चिप तयार झाली की तिला पाय लावायचे, डबीत बंद करायची आणि तपासायची, हे काम जिथे मजुरी स्वस्त आणि माणसं हुशार तिथे जातं. असा कारखाना पुण्याला गेला तर तो उभा करायला इथून कोण जाणार? ज्याला पुणं माहीत आहे तोच. म्हणजे हा. म्हणजे आम्ही तिघं. म्हणजे जूनमध्ये मी वर्गावर. इतकं गणित मी एका घासात केलं आणि त्या दिवसापासून तो कारखाना माझा झाला.

देशाच्या प्रगतीसाठी मी झटले, असं कोणी म्हणू नये. मला माझा फळा हवा होता, आणि त्यासाठी देशात कारखाना यायला हवा असेल तर येऊ दे, एवढा साधा स्वार्थ होता. पण स्वार्थ असला की माणूस अभ्यास छान करतो. मी रोज लायब्ररीत बसून टिपण तयार करायला लागले. पुण्यात इंजिनियर किती सहज मिळतात, इंग्रजी सगळ्यांना कसं येतं, मुंबईचं विमानतळ आणि बंदर किती जवळ, दिल्लीतलं नवं सरकार कॉम्प्युटरच्या बाबतीत कसं हात सैल सोडतंय. समोर मलेशियाचा रकाना. मलेशियाचा रकाना दर आठवड्याला आपोआप भरायचा, कारण त्यांच्या लोकांची जाहिरातच मासिकात छापून यायची. आपला रकाना मी नखाने खरवडून भरायचे.

नवरा ते टिपण ऑफिसात न्यायचा, टाइप करून घ्यायचा आणि उपाध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचा. नाव त्याचं असायचं. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण मला नाव नको होतं, गाव हवं होतं. रोज दार उघडलं की माझा पहिला प्रश्न, "प्लँटचं काय झालं?" तो बूट काढता काढता म्हणायचा, "चाललंय." मुलगी आमची नक्कल करायला शिकली. तो घरात शिरायच्या आत तीच दाराशी उभी राहून विचारायची, "व्हॉट हॅपन्ड टु द प्लँट?" तिला वाटत होतं की कुंडीतलं काहीतरी आहे.

मार्चमध्ये आपल्याकडून एक शिष्टमंडळ आलं. परदेशातल्या कंपन्यांनी आपल्या राज्यात कारखाने काढावेत म्हणून सरकारातले लोक तेव्हा असे दौरे काढू लागले होते. मंडळ म्हणजे बरीच माणसं असतील असं मला वाटलं होतं. इकडे फिरकले ते एकच मोठे अधिकारी, बाकीचे म्हणे लॉस एंजेलिसला होते. हे साहेब उंचेपुरे, बोलायला गोड, आणि आठवडाभर सँडविच खाऊन हैराण झालेले. फोनवर नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या व्हीपींना भेटायचंच आहे, पण वहिनींच्या हातचा वरणभात मिळाला तर मीटिंग तिथेच करू."

आणि उपाध्यक्ष हो म्हणाले. हा माणूस टेक्सासकडचा, पांढऱ्या केसांचा, कमी बोलणारा. त्यालाही बहुधा कॉन्फरन्स रूमचा कंटाळा आला असावा.

रविवारी दुपारी जेवण ठरलं. सावर क्रीमचं श्रीखंड, बिस्क्विक नावाच्या तयार पिठाचे गुलाबजाम, बटाट्याची भाजी, पुऱ्या, मसालेभात, आणि साहेबांसाठी साधा वरणभात. तीन दिवस मी राबत होते. मलेशियाच्या बाजूने कोणी पुऱ्या तळत असेल असं मला वाटत नव्हतं, आणि तेवढीच काय ती आपली आघाडी.

साहेबांनी आल्या आल्या मुलीला चॉकलेट दिलं, मला साडीचा पीस दिला, आणि उपाध्यक्षांसाठी बॅगेतून पुणेरी पगडी काढली. ती त्यांच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर शाल घातली, आणि नवऱ्याला फोटो काढायला सांगितला. पगडी त्या माणसाला चक्क शोभली. नंतर जेवायला बसल्यावर ती काढायची की ठेवायची हे त्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून त्याने ठेवली.

साहेब छान बोलत होते. जमीन? देऊ. पाणी? मुबलक. परवाने? एका खिडकीत. कामगार? सोन्यासारखे. रस्ता? होतोच आहे. मी पुऱ्या वाढत ऐकत होते. सगळ्याला हो होतं. मला बरंही वाटत होतं आणि बसल्या जागी चुळबूळही होत होती. परीक्षेत सगळ्या प्रश्नांना हो लिहिणारा विद्यार्थी मला चांगला ठाऊक होता.

मग पगडीवाल्या पाहुण्याने श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मी ऐकलं की तुमच्या गावात गुरुवारी वीज नसते. आमची भट्टी एकदा पेटली की बंद करता येत नाही. गुरुवारी काय होतं?"

पुण्याच्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, कारण त्या दिवशी वीज मिळत नाही, हे पुण्यातल्या लहान पोरालाही माहीत. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण साहेब जोरात हसले. म्हणाले, "तुमच्यासाठी गुरुवार राहणारच नाही."

"आणि एखाद्या दिवशी गेलीच, तर मी कोणाला फोन करायचा?"

साहेबांनी खिशातून कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागे घरचा नंबर लिहून त्याच्या हातात दिलं. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला. कुठल्याही वेळी. माझी बायको उचलेल, पण मला उठवेल."

ते ऐकून माझं ऊर भरून आलं, हे मी कबूल करते. एवढा मोठा अधिकारी स्वतःच्या घरचा नंबर देतोय, याहून मोठं आपल्याकडे काय असतं? आमच्या घरी टेलिफोन आला तो वडिलांच्या मित्राच्या मेहुण्यामुळे. गॅस आला तो आईच्या भिशीतल्या बाईमुळे. ऑफिस नावाच्या गोष्टीवर आपण कधी विश्वास ठेवलाच नाही; विश्वास ठेवला तो ऑफिसातल्या ओळखीच्या माणसावर. साहेब खोटं बोलत नव्हते. त्या माणसाने खरंच पहाटे उठून फोन घेतला असता आणि पायजम्यावर वीजकेंद्र गाठलं असतं. त्यांनी आपल्याजवळचं सर्वांत मौल्यवान तेच दिलं होतं.

उपाध्यक्षांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. "आणि तुमची बदली झाली तर?"

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "पुढच्या माणसाला सांगून जाईन."

पाहुण्याने मान डोलावली आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. तो ते इतक्या सभ्यपणे खिशात ठेवत होता की मी पुरी वाढायची थांबले. त्याला माणूस नको होता. माणूस बदलला तरी तीच राहील अशी एक खिडकी, एक नंबर, एक नियम हवा होता, आणि आम्ही त्याला घरी बोलावून, पुऱ्या वाढून, पगडी घालून नेमका माणूस दिला होता. मलेशियाचा रकाना मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

आणि मग मी बोलले. हातात झारा होता तसाच.

"गुरुवारी वीज नसते," मी म्हणाले. "तुमच्यासाठीही नसेल. सगळे कारखाने गुरुवारी बंद आणि रविवारी चालू. उन्हाळ्यात मध्येच आणखीही जाते. तुम्हाला स्वतःचं जनरेटर लागेल, मोठं, आणि ते पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. परवानगीला वेळ लागेल, म्हणून अर्ज इमारतीच्या आधी टाका. हे सगळं धरूनही तुम्हाला पुणं स्वस्त पडतं. मी गणित केलंय."

नवरा ताटाकडे बघत होता. उपाध्यक्षांनी पगडी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "गणित दाखवा."

मी आतून माझे कागद आणले. पुढचा तासभर तो माणूस प्रश्न विचारत होता आणि मी उत्तरं देत होते. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणत होते. माझा आवाज चढला होता. शेजारचं दार लावायला कोणी नव्हतं. अमेरिकेत आल्यापासून त्या एका तासात मी जिवंत होते, असं म्हटलं तर नवऱ्यावर अन्याय होईल, पण म्हणते.

निघताना जिन्यात साहेब मला हळूच म्हणाले, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं बाहेर सांगायचं नसतं."

"साहेब, त्यांना आधीच माहीत होतं. ते फक्त आपण सांगतो का ते बघत होते."

त्यांना ते पटलं नाही. पण मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले, आणि माझ्या पुऱ्यांचं कौतुक करायला विसरले नाहीत. माणूस वाईट नव्हता, एवढं मी आजही सांगेन.

त्या संध्याकाळी नवऱ्याने न सांगता सगळी भांडी घासली. मला वाटलं, पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं म्हणून रागावलाय. मी विचारलं, "चुकलं का माझं?" तो म्हणाला, "नाही. छान बोललीस. व्हीपी इम्प्रेस झाला." आणि कढई पुन्हा घासायला घेतली.

पुढच्या आठवड्यात कंपनीत पुण्याची फाइल खरोखर वर आली. नवऱ्यानेच सांगितलं. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. काय न्यायचं, काय विकायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं मी बोलत असायचे आणि तो हं हं करत असायचा. त्याच्या बोलण्यातून मला ताकाला तूर लागत नव्हती, पण मला तरी कुठे लागायला हवी होती? मी आपली माझ्याच बोलण्यावर खूश.

त्याच सुमाराला त्याने एक वेगळंच टुमणं लावलं. मी गाडी शिकलीच पाहिजे. शनिवार-रविवार मला घेऊन तो रिकाम्या पार्किंगमध्ये जायचा, न ओरडता शिकवायचा. मी पास झाले आणि दुसऱ्या दिवशी दारात एक सेकंडहँड टोयोटा उभी. "ही तुझी," तो म्हणाला. "तुला इथे जरा मोकळं वाटेल."

"अरे, जूनमध्ये निघायचं तर आता गाडी कशाला?"

"विकता येईल," तो म्हणाला.

मला वाटलं, किती प्रेमळ नवरा. आणि प्रेमळ तो होताच, त्यात काही खोट नव्हती.

मे महिन्यात निर्णय आला. मलेशिया. नवऱ्याने दारातच सांगितलं, बूट न काढता. मी विचारलं, "का?" तो म्हणाला, "बऱ्याच गोष्टी असतात." मी ओट्याशी गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला कारण झालं. गुरुवार, मी स्वतःला म्हणत होते. हात दाखवून अवलक्षण. साहेब बरोबर सांगत होते, मूठ झाकून ठेवायची होती. दोन-तीन आठवडे मी त्या गुरुवारवर जळत होते. तलावाभोवतीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता गाडी होती, म्हणून गाडी घेऊन कुठेही जायचे, एखाद्या शेवटच्या उरलेल्या जर्दाळूच्या बागेपाशी थांबायचे, आणि परत यायचे. कुठे जायचं तेच ठरत नव्हतं.

मेच्या शेवटी कंपनीची पिकनिक होती. बागेत बार्बेक्यू लावलेले, फुगे, पोरांची पळापळ. उपाध्यक्ष स्वतः ॲप्रन बांधून बर्गर परतत होते. मला बघून त्यांनी माझ्यासाठी मक्याचं कणीस बाजूला काढलं आणि म्हणाले, "तुमच्या प्लँटचं मला वाईट वाटलं."

त्यांनी 'तुमच्या' म्हटलं, ते मला लागलं. मी विचारलं, "गुरुवार नडला ना? मी बोलायला नको होतं."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "गुरुवार? नाही, नाही. त्या सगळ्या प्रकरणात तुमचा गुरुवार ही एकच गोष्ट मी मनापासून खरी मानली. जनरेटर मी विकत घेऊ शकतो. चालवायला माणूस मिळाला नाही. तुमच्या देशातून आलेल्या आमच्या सगळ्या इंजिनियरांना मी बोलावून विचारलं. देशासाठी केवढी मोठी संधी, असं सगळे म्हणाले. मग मी विचारलं, तू जाशील का, तर कोणाला पोरांची शाळा आठवली, कोणाला ग्रीन कार्ड. तुमच्या नवऱ्याचं मात्र मला आवडलं. त्याने एका शब्दात सांगितलं, नाही. मी म्हटलं, निदान एक तरी सरळ माणूस." त्यांनी चिमटा पुन्हा उचलला. "ज्या गावी त्या गावचीच माणसं आपली पोरं न्यायला तयार नाहीत, तिथे मी माझी माणसं कशी पाठवू? तुम्ही दोघं बोलला असालच यावर."

"हो," मी म्हणाले. "बोललो."

कणीस चांगलं भाजलं होतं. मी ते पूर्ण खाल्लं, कारण हातात होतं आणि टाकायला जवळ डबा नव्हता. पलीकडे नवरा मुलीला झोका देत होता. जेव्हा जेव्हा ती वर जायची तेव्हा तो मान वर करून हसायचा. मला त्याच्याकडे धावत जाऊन त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि तिथेच गवतावर बसून राहावंसंही वाटत होतं. मी तिसरंच केलं. कागदाच्या डिशा गोळा करायला लागले.

परतताना गाडी मी चालवत होते. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. हायवेवर चढल्यावर मी म्हणाले, "व्हीपींनी मला सांगितलं."

तो 'काय?' असं विचारील असं वाटलं होतं. त्याने विचारलं नाही. म्हणाला, "तू रोज विचारायचीस, प्लँटचं काय झालं. एकदाही विचारलं नाहीस, तू येशील का."

"हे विचारायला लागतं?"

"व्हीपीने विचारलं."

मला इतका राग आला की मी लेन न बघता बदलली आणि मागच्याने हॉर्न दिला. राग यासाठी की तो बरोबर बोलत होता. मलेशियाचे सगळे रकाने मला तोंडपाठ होते. शेजारी झोपणाऱ्या माणसाचा एकही भरलेला नव्हता.

"मग आता विचारते. येशील?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग, बांध फुटल्यासारखं नव्हे, अगदी सावकाश, शब्द शोधत बोलला. "तिथे मी चार वर्षं नोकरी केली. अर्धा दिवस कोणाला तरी भेटण्यात जायचा. पार्ट सोडवायला कस्टममध्ये, सही मिळवायला मंत्रालयात. साहेब ओळखीचा निघाला तर काम व्हायचं. मी त्यात हुशार होतो, तुला माहितीये. लोक म्हणायचे, याच्या खूप ओळखी. मला ते पुन्हा नकोय. इथे मला काम सोडून दुसरं काही करावं लागत नाही."

"आणि मला इथे काम सोडून सगळं करावं लागतं," मी म्हणाले.

आम्ही दोघंही खरं बोललो होतो आणि दोघांचं खरं एका घरात मावत नव्हतं. एवढ्या वर्षांत आमचं इतकं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं. मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी मला मोकळंही वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली. आमची एक्झिट आली आणि गेली. मी चुकवली हे त्यालाही कळलं.

पुढच्या एक्झिटला उतरून मी गाडी परत वळवली. म्हणाले, "जूनमध्ये मी हजर होणार आहे. मी जाते."

"जा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. खरंच जा. तू त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बोलत होतीस ना, तेव्हाच मला कळलं होतं की तुला इथे ठेवणं बरं नाही." मग त्याने मागे वळून बघितलं. मुलीचं डोकं दाराला टेकलं होतं, हातात फुग्याची दोरी, तोंडाला केचप. ती झोपेतही इंग्रजीत बडबडायची. त्याने आवाज खाली आणला. "तिला घेऊन?"

लाल सिग्नल होता, म्हणून मला आरशात तिच्याकडे नीट बघता आलं. वीज, पाणी, पगार, बंदर, जनरेटर, सगळ्याची उत्तरं मी त्या हिवाळ्यात तयार केली होती, आणि आता माझ्याच पोरीबद्दल एक साधं हो तोंडातून निघेना.

मी हो म्हणाले. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि तो वेळ त्याने ऐकला.